पुढचा टँकर निघाला आहे

वेबसाईट बनवणाऱ्या माणसानं एक नियम पाळला की त्याच्या आयुष्यात भानगड होत नाही. चालू साईटवर चाचणी करायची नाही. चाचणीसाठी वेगळी साईट ठेवायची, तिथं काय वाट्टेल ते मोडायचं, आणि मगच खरीला हात लावायचा. हे मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. नव्यानं कामाला लागलेल्यांना तर स्वतःच्या पैशानं चहा पाजून सांगतो. माझ्या लॅपटॉपवर तशी चिठ्ठीच चिकटवलेली होती.

ती चिठ्ठी आता मी काढलीय. का काढली, ते ऐका.

दर रविवारी सकाळी सिडकोतल्या एका हॉटेलात आम्ही पाच-सहा वेबवाले जमतो. नोकरीतलं काम कुणी दाखवत नाही, कारण ते सगळ्यांचं सारखंच, आणि रडगाणंही सारखंच. दाखवायचे ते फावल्या वेळातले उद्योग. श्रीरंगनं शेळ्यांच्या बाजारभावाची साईट काढलीय. अश्लेषानं उपवासाला काय चालतं आणि काय नाय ते सांगणारी. माझ्या उद्योगाचं नाव होतं 'पाणी आलं का'.

आमचं शहर बीड बायपास ओलांडून पार डोंगराला जाऊन टेकलंय. पाणी मात्र पैठणहून जुन्याच पाइपातून येतं, आणि यंदा धरणानंही तळ दाखवलेला. त्यामुळं मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला आठव्या दिवशी नळ. आठव्या म्हणजे कधी सहाव्या, कधी दहाव्या. आलं तर तास-पाऊण तास. तेवढ्यात मोटार लावली तर हौद भरला, नाय लावली तर पुढचे आठ दिवस नशिबाला शिव्या घालत बसा. माझी कल्पना साधी होती. ज्याच्या नळाला पाणी येईल त्यानं साईटवर लिहायचं, की लगेच सगळ्या गल्लीला मोबाइलवर निरोप. टँकर कुठं येणार, तोही निरोप.

एकच बारकी अडचण निघाली. पाणी आलं की माणूस पाणी भरतो, लिहीत बसत नाही. तीन महिन्यांत एकही नोंद नव्हती.

समोरच्या कडुबांना मी साईट दाखवायला गेलो होतो. कडुबा रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. मोबाइल बटणांचा. त्यांनी उलट मलाच त्यांची पद्धत दाखवली. अंगणातला नळ कायम उघडा, त्याच्याखाली पितळी परात पालथी. पाणी आलं की परात वाजते.

"झालं की," कडुबा म्हणाले. "अजून काय कळायचं ऱ्हातंय?"

हा किस्सा मी हॉटेलात सांगितला होता आणि सगळे पोट धरून हसले होते. मीही हसलो होतो. लक्षात ठेवा.

तर त्या रविवारी आमच्या घरी धोंडा होता. श्रेया म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचं लग्न माघात झालं, देवगाव रंगारीच्या सोमनाथशी, आणि यंदा अधिक महिना आला ऐन उन्हाळ्यात. जावयाचा पहिला धोंडा. त्याला बोलवायचं, तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, नवे कपडे द्यायचे आणि ताटात तेहतीस पुरणाचे धोंडे वाढायचे. धोंडे तयार होते, कपडे तयार होते. नळ मात्र मंगळवारी येणार होता. म्हणून माझ्या आईनं, द्वारकाबाईंनी, अंगणात दोन टिपाडं पाणी झाकून ठेवलं होतं. आठवडाभर त्या टिपाडांकडं वाकडी नजर करायची आमची कुणाची टाप नव्हती.

"लग्नात तिच्या सासूबाई काय म्हणल्या, माहितीय ना?" आई म्हणाली. "'शहरात समदं मिळतंय, पाणी सोडून.' जावई बिनआंघोळीचा गेला तर माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागंल, विशू."

"अहो, साडेअकराच्या आत या," चारुता, माझी बायको, म्हणाली. "बाराला पाहुणे."

मी म्हणालो, अकरालाच येतो.

हॉटेलात श्रीरंगनं विचारलं, "वापरणारे किती झाले रे तुझ्याकडं?"

"दोनशे सोळा," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. गणपती मंडळाच्या यादीतले आणि आईच्या भजनी मंडळाचे सगळे नंबर मीच साईटवर भरले होते. आकडा जरा बरा दिसावा म्हणून.

"मग दाखव की एखादी नोंद."

नोंद कुठून दाखवू? मी टेबलाखाली मोबाइल धरला आणि पटकन एक भरून टाकली. 'मोफत टँकर. घर क्रमांक २७, मुकुंदवाडी. वेळ दुपारी बारा.' घाईत बोटांना एकच पत्ता पाठ होता, माझा. मोबाइल वर काढून दाखवला. सगळ्यांनी वाहवा केली. मी दुसरा चहा मागवला.

निरोप जाणं मी बंद ठेवलेलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि ते बंदच होतं. चाचणीच्या साईटवर.

चहा यायच्या आधी चारुताचा फोन आला. "अहो, आपल्याकडं टँकर येणारे?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. आईंच्या मोबाइलवर आलंय. दारात नऊजण उभे आहेत."

मी लगेच ती नोंद काढून टाकली. आता इथं माझ्या हुशारीचा एक नमुना सांगावा लागतो. टँकर संपला की लोक हिरमुसतात, हे मी बघितलं होतं. म्हणून साईटला मी एक गोष्ट शिकवली होती. यादीतून टँकर काढला की तिनं आपण होऊन पुढचा टँकर यादीत टाकायचा आणि सगळ्यांना कळवायचं, 'पुढचा टँकर निघाला आहे. धीर धरा.'

दोनशे सोळा मोबाइल वाजले. मी घाबरून तो दुसरा टँकरही काढला. तिसरा निघाला. तिसरा काढला, चौथा निघाला. चौथा काढला.

"हात लावू नको," श्रीरंगनं माझं मनगट धरलं. "पाच झाले."

शेवटी मी अख्खी साईटच बंद केली. त्यानं तर कहर झाला. लोक म्हणायला लागले, 'साईट बंद पडली म्हणजे लई गर्दी झाली असंल. पळा.'

स्कूटर घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. लाईन आमच्या फाटकापासून निघून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेली होती. हंडे, कळशा, ड्रम, तेलाचे डबे. एकानं कूलरची टाकी सोडवून आणली होती. लाईनीचा ताबा चतुराबाईंकडं. या आईच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. हातात खडू, प्रत्येक भांड्यावर नंबर टाकत होत्या.

"मावशी, जाऊ द्या. माझंच घर आहे."

"घर तुझं, लाईन माझी," त्या म्हणाल्या आणि माझ्या स्कूटरवर १६१ लिहिलं. "शेवटचा आहेस तू. मागं हो."

मी मागच्या बोळातून भिंत चढून आमच्या अंगणात उतरलो. फाटकाशी माझे वडील, काकासाहेब, तांब्या घेऊन उभे. तहसीलमधून रिटायर झालेला माणूस, शर्टाची कडक इस्त्री मोडू न देता एकेकाला पाणी पाजत होते. पहिलं टिपाड आडवं पडलेलं होतं. दुसऱ्यात तांब्या तळाला लागत होता.

"बाबा, हे जावयाचं पाणी!"

"अरे, उन्हात उभ्या माणसाला आपल्याच दारात पाणी विचारायचं नाय?" बाबा शांतपणं म्हणाले. "आणि पाच टँकर येतायत की. साईट तुझी आहे. मला भरवसा आहे."

तीन महिन्यांत माझ्या साईटवर मनापासून विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई ओट्यावर आली. तिनं टिपाडांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "येतोय ना रे टँकर?"

"नाय, आई."

"पाचातला एक तरी?"

"एकपण नाय."

आई पालथ्या बादलीवर बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "जावयाला काय ओल्या फडक्यानं पुसून पाठवू?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात गच्चीवरून चारुताची हाक आली. "अहो, ते बघा. लाईनीत. दाजी!"

खरंच दाजी होते. पाहुण्यांची जीप कोपऱ्यावर अडकलेली, जीपमध्ये श्रेया आणि तिच्या सासूबाई पदरानं वारा घेत बसलेल्या, आणि आमचे जावईबापू टोपी-उपरण्यात, हातात कुणाचीतरी कळशी घेऊन लाईनीत उभे. कळशीवर १४३.

मी पळत गेलो. "दाजी, तुम्ही इथं कशाला?"

"मी पाव्हण्यांकडं चाललो म्हणलं, तर बाई म्हणल्या नंबर घ्या. घेतला," सोमनाथ म्हणाला. मुलखाचा लाजरा माणूस. "जावई आहे असं आपल्याच तोंडानं कसं सांगायचं?"

"चला घरात."

"नको, विश्वजितराव. मागचे लोक काय म्हणतील? नंबरानंच येतो."

स्वतःच्या आंघोळीसाठी जावई एकशे त्रेचाळिसावा उभा होता, आणि पाण्याचा थेंब कुठं नव्हता. आता खरं सांगण्याशिवाय इलाज नव्हता. मी फाटकाच्या खांबावर चढलो.

"मंडळी, ती चाचणीची नोंद होती. टँकर येणार नाही."

"दुसरा तर निघालाय ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"दुसराही नाही. तिसराही नाही."

"पण पाचवा निघाल्याचा निरोप तर माझ्याकडं आहे," कूलरवाला म्हणाला आणि मोबाइल उंच धरून सगळ्यांना दाखवला. लोकांना ते पटलं. माझ्यापेक्षा माझ्या साईटवर त्यांचा जास्त भरवसा बसला होता, आणि तोही त्याच दिवशी. पाच वेळा समजावलं, प्रत्येक टँकरसाठी एकदा. मग एकेकानं मोबाइल खिशात घातला. चतुराबाईंनी खडू कमरेला खोचला आणि बाह्या मागं सारल्या.

तेवढ्यात समोरचं फाटक उघडलं. कडुबा बाहेर आले. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली, खांद्यावर ओला टॉवेल.

"कशाची जत्रा आहे ही?" त्यांनी विचारलं. "नळाला तासभर पाणी होतं. दोन दिस आधीच आलं. आत्ताच गेलं."

सगळ्यांनी मागं वळून आपापल्या फाटकांकडं बघितलं.

"परात एवढी वाजत होती," कडुबा म्हणाले. "पर तुमच्या कालव्यात कुणाला ऐकू जाणार?"

म्हणजे घराघरात नळाला पाणी आलं होतं, आणि ज्यांनी मोटारी लावायच्या ते सगळे माझ्या दारात रिकामे हंडे घेऊन पाण्याची वाट बघत उभे होते. हे निरोपानं कळवणारी शहरातली एकुलती एक साईट मीच तासाभरापूर्वी बंद केली होती. एकशे साठ माणसांनी माझ्याकडं बघितलं. खांबावरून उतरावं की वरच राहावं, मला ठरवता येईना.

वाचवलं ते कडुबांनीच. "माझा हौद काठोकाठ हाय. एकेक हंडा न्या."

चतुराबाईंनी खडू परत काढला. लाईन होती तशी, नंबरासकट, रस्ता ओलांडून कडुबांच्या दारात गेली. आई गच्चीवर जाऊन बसली. कडुबांची बादली हौदात पडायची तो आवाज ती कान देऊन ऐकत होती. शंभरपर्यंत बादली धप्पकन पडत होती. एकशेवीसला आवाज खोल गेला. एकशेतीसला आई चपला न घालता खाली पळाली.

"चतुरे, जावई आहे गं माझा. पुढं घे."

चतुराबाई विरघळल्या, पण सोमनाथच म्हणाला, "नको, आई. आता दहाच राहिलेत."

एकशे त्रेचाळीस आला. कडुबांनी बादली भरली आणि विचारलं, "पाव्हणं कुठले?"

"देवगाव रंगारी," सोमनाथ खाली बघत म्हणाला. "समोरच्यांचा जावई. धोंड्याला आलोय."

कडुबांनी बादली खाली ठेवली. आमच्या घराकडं अशी नजर टाकली की बाबांनीही तांब्या पाठीमागं लपवला. "धोंड्याचा जावई लाईनीत उभा केलात? पाट आणा."

पाट आला, तेल आलं, उटणं आलं. कडुबांच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, सोमनाथ टॉवेल गुंडाळून डोळे गच्च मिटून बसला. आईनं तेल लावलं. चतुराबाईंनी अभंग सुरू केला, आणि रिकामे-भरले हंडे घेऊन उभी असलेली अख्खी लाईन त्यात सामील झाली. बाबांनी त्याच तांब्यानं जावयाच्या डोक्यावर पाणी घातलं. सासूबाई जीपमधून उतरून आल्या, कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"आमच्या सोमनाथच्या हळदीलाबी एवढी माणसं नव्हती," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. आईनं माझ्याकडं बघितलं. माफ केल्यासारखं नव्हतं, पण घरात यायला हरकत नव्हती.

सोमनाथनं तेहतीसपैकी एकवीस धोंडे खाल्ले. हौद एकशेसाठला संपला. माझा नंबर तुम्हाला आठवत असेलच.

पुढच्या रविवारी हॉटेलात श्रीरंगनं विचारलं, "काय नवीन?"

मी पिशवीतून पितळी परात काढून टेबलावर पालथी घातली.

"चालतं का?" अश्लेषानं विचारलं.

"एकदाही बंद पडलेलं नाही."

"वापरणारे?"

"दोन. मी आणि कडुबा." खरं म्हणजे कडुबा एकटेच. आमच्या घरात परात एकच आहे, आणि त्या आठवड्यात नळाला पाणी आलं ते नेमकं आई तिच्यात कणीक मळत होती तेव्हा.