घारीचे चित्त आणि रेड्याचा दाखला

एका जंगलात कावळा बसला आणि फांदी मोडली. मुलांनो, असे सगळ्याच जंगलांत होते. पण या जंगलात त्या फांदीखाली सिंहमहाराज झोपले होते.

महाराजांच्या नाकावर टेंगूळ आले. चौकशी बसली. कावळा का बसला? उडून दमला म्हणून. दमलेला असताना उडालाच का? प्रकृती कोणी तपासली नव्हती म्हणून. झाले! दवंडी पिटली, की ज्याला उडायचे असेल त्याने डॉक्टरांकडून 'उडण्यास योग्य' असा दाखला आणावा. तोपर्यंत सर्वांनी चालावे.

घारूताईंची दोन पिल्ले सावरीच्या शेंड्यावर चोच वासून बसली होती. घारूताई घरट्यातून खाली पडल्या. पडायला दाखला लागत नव्हता. मग पाय ओढीत दवाखान्याकडे निघाल्या. चालायची सवय कुठली? वाटेत एक उंदीर त्यांना मागे टाकून गेला. "काय ताई, आज पायी?" असेही म्हणाला.

डॉक्टर होते दिवाभीत, म्हणजे घुबड. विद्वान प्राणी. दवाखान्याची वेळ मात्र दिवसाची, आणि दिवसा डॉक्टरांना दिसत नसे. पण तपासणाऱ्याला दिसलेच पाहिजे, असे नियमात कुठे नव्हते.

"समोरच्या डोंगरावर काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारले.

"मुंगी," घारूताई म्हणाल्या. "तोंडात तांदळाचा दाणा आहे. कणीच म्हणा."

"मला तर डोंगरही दिसत नाही. नसलेल्या गोष्टी दिसतात. लिहा!"

शेजारी कारकून सरडेराव बसले होते. त्यांनी मान हलवली. ते सगळ्यालाच मान हलवीत.

"आता सांगा, आकाशात हिंडताना चित्त कुठे असतं?"

घारूताई बिचाऱ्या खरे बोलून गेल्या. "कुठे असणार डॉक्टर? पिल्लांपाशी."

"म्हणजे शरीर वर आणि चित्त खाली?"

"आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या तसंच आहे हो!"

"आनुवंशिक," डॉक्टर म्हणाले. "लिहा. उडण्यास अयोग्य. पुढचा!"

पुढचा कोणी नव्हताच. एक रेडा तेवढा दवाखान्याच्या झाडाला पाठ घासत उभा होता. डॉक्टरांनी त्यालाच तपासायला घेतले.

"डोंगरावर काय दिसतं?"

"डोंगर? कुठंय?"

"शाबास! चित्त कुठे असतं?"

"चित्त म्हंजे?"

"भटकत नाही. नाडी संथ, छाती भरदार. उडताना कधी अपघात?"

"छ्या!"

"एकही अपघात नाही!" डॉक्टर गहिवरले. "लिहा. उडण्यास योग्य."

सरडेरावांनी मान हलवली आणि शिक्का मारला. रेड्याने दाखला खायला तोंड उघडले, तेवढ्यात त्यांनी तो त्याच्या शिंगात खोचला.

घारूताईंच्या डोळ्यांत पाणी आले. "भाऊसाहेब, पिल्लं कालपासून उपाशी आहेत हो."

सरडेराव हळूच हिरवे झाले. खासगीत बोलायचे असले की ते हिरवे होत. "ताई, नियमात फट आहे. दाखला नसलेल्याला दाखलेवाल्याच्या देखरेखीखाली उडता येतं."

"देखरेख कोण करणार?"

सरडेरावांनी मान हलवली. या वेळी रेड्याच्या दिशेने.

तेव्हापासून घारूताई रोज उडतात. देखरेखीखाली म्हणायचे खरे, पण घार वर असते आणि देखरेख खाली, चिखलात, डोळे मिटून. मधूनच ती "जरा डावीकडे घ्या!" म्हणते. घारूताई उजवीकडे जातात आणि शिकार धरतात. पहिल्याच दिवशी तो उंदीर सापडला. "काय ताई, आज वरून?" एवढेच म्हणाला.

पिल्ले बाळसे धरू लागली. रेड्याला उड्डाणाबद्दल रोज हिरवा चारा मिळू लागला. यंदा अपघाताशिवाय उडाल्याबद्दल महाराजांनी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला. तो त्याने तिथेच खाल्ला.

परवा पिल्लांना पंख फुटले. घारूताईंनी कौतुकाने विचारले, "बाळांनो, मोठेपणी कोण होणार?"

दोन्ही पिल्ले एका सुरात म्हणाली, "रेडा!"

तात्पर्य : चित्त नेहमी ठिकाणावर असावे. मुळात नसेल तर उत्तम.