खिळा बघून सांगते

अर्चनाच्या घरी जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करावा लागतो. नाही केला तर तुम्हाला खिळा मिळत नाही, आणि खिळा नसेल तर चहाही मिळत नाही. आमच्या पिंपळी गावात असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे माणूस दारात उभा राहून हाक मारतो, आतून पाणी येतं, मग चहा येतो, आणि कशासाठी आलात ते निघताना विचारतात. अर्चना मात्र फोनवरच विचारते, "काकू, कधी येणार? किती वेळ बसणार? थांबा, खिळा बघून सांगते."

तिच्या ओसरीला एक लांब भिंत आहे. त्या भिंतीवर वारांच्या ओळी आखल्यात आणि प्रत्येक ओळीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिळे ठोकलेत. खिळ्यांना पत्ते अडकवलेले असतात. पत्ते लग्नपत्रिकांचे. उन्हाळ्यात आमच्या भागात इतक्या पत्रिका येतात की त्यांचं काय करायचं हा प्रश्नच असतो. अर्चना त्या कापते, वर भोक पाडते आणि कोऱ्या बाजूवर चित्र काढते. गणिताला तराजू, वाचनाला चष्मा, शेतीच्या लाईटीला मोटर. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत पाळीनं जातो, त्याला हेल्मेट. पत्ता उलटा केला की मागं कुणाच्या तरी मामांची नावं.

मी समोरच दूध संकलन केंद्र चालवते, म्हणून मला कॅन मिळाला. बाकीच्या बायकांना फूल, मोर, छत्री असं काहीबाही आहे. मी एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, तुमी आलात की पहिला कॅनच आठवतो." विषय संपला.

हे सगळं सुरू झालं तिनं पोरांना शाळेतून काढलं तेव्हापासून. मोठी ईश्वरी, धाकटा ओमकार. दोघंही पिवळ्या बसनं बारामतीला इंग्रजी शाळेत जायची. एका जूनमध्ये बस हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली, पोरं आलीच नाहीत. अर्चनानं जाहीर केलं, आता शाळा घरी. ती स्वतः बीएस्सी झालेली, माहेरची कळसची, बोलायला फटकळ. गावानं आपापले अंदाज बांधले. कुणी म्हणालं फी परवडेना, कुणी म्हणालं शाळेत भांडण केलं असेल, बऱ्याच जणींनी डोक्याजवळ बोट फिरवलं. तिला कुणी तोंडावर विचारलं तर एकच उत्तर यायचं. "माझी पोरं, माझी भिंत."

या शाळेत काहीही वाया जात नसे. गाय व्याली, विज्ञान. तात्यांचं आणि शेजारच्या बापूंचं बांधावरून वाजलं, तेव्हा ईश्वरी ओसरीवरून ओरडली, "आई, हे कशात धरायचं? इतिहासात का नागरिकशास्त्रात?" तात्या म्हणजे अर्चनाचे सासरे. बापू शिवी अर्धी तोंडात ठेवून घरी गेले. माझ्या केंद्रावरही पोरं ठरल्या वेळी गणिताला यायची, दुधाचं फॅट लिहून घ्यायची. ओमकार मशीनच्या आकड्याकडे असा बघायचा की पाणी घालून आणणारे दोघं-तिघं त्या वेळेला येईनासे झाले. मला त्या शाळेचा झालेला हा पहिला फायदा.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून, मागं माणसं घेऊन तिच्या फाटकात आला. तिनं बाहेरच थांबवला. "आज न्हाय जमायचं. बुधवारी चारला या, एकटेच या, आणि घोषणा देऊ नका." तो हसला. ती हसली नाही. बुधवारी चारला तो खरोखर एकटा आला. मत मिळालं का ते तिलाच माहीत, बिस्किटं मिळाली.

लोक तिला नावं ठेवत होते आणि तिच्याच भिंतीवर चालतही होते. आमच्याकडे शेतीच्या मोटारींची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हा आठवडा कुठला ते गडी माणसं हमखास विसरतात. अर्चनाच्या भिंतीवर मोटारीचा पत्ता लागलेला असतो. मग हळूहळू अख्खी आळी फाटकाबाहेरूनच मान लांब करून बघायला लागली. तात्याही बघायचे. उघड बघायचे नाहीत, बिडी पेटवायच्या निमित्तानं भिंतीकडे वळायचे. पत्ता मात्र त्यांनी कधी घेतला नाही. "मी काय शाळंतलं पोरगं हाय व्हय मला खिळ्याला टांगायला? माझ्या घरात मी कवाबी यीन, कवाबी जाईन."

तर या तात्यांनी एक दिवस सांगून टाकलं की हा खेळ पुरे. कळसचे त्यांचे मेव्हणे गुरुजी, जन्म शिकवण्यात गेलेले. ते येऊन पोरांना तपासतील. पोरं नीट बसली, नीट बोलली, तर राहू देत घरी. नाहीतर जूनला दोघं पिवळ्या बसमध्ये. अर्चनानं फक्त विचारलं, "कुठल्या वारी?" गुरुवार ठरला. ओमकारनं स्वतः पत्ता काढला, खडू धरलेला हात. त्या आठवड्यात तो भेटेल त्याला सांगत होता, गुरुवारी जेवण झाल्यावर गुरुजी येणार. मलाही रोज सकाळ-संध्याकाळ सांगत होता. मी म्हणायची, व्हय बाबा, कळलं.

गुरुजी मंगळवारी आले.

बारामतीला कामाला आले होते, गाडी रिकामी होती, म्हटलं उरकून टाकू. आपल्याकडे असंच असतं, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तात्या त्यांना घेऊन फाटकापाशी पोचले तर अर्चना आतून कडी लावून उभी.

"गुरुजी, तुमी गुरुवारच्या खिळ्याला हाय."

गुरुजींना आधी कळलंच नाही. तात्यांना कळलं. "अगं माणूस दारात हुबा हाय."

"दिसतंय मला. पाणी देते. आत न्हाय येता यायचं."

"सोयऱ्याला दारातनं माघारी लावती? ह्या घरात?"

"माघारी न्हाय लावत. गुरुवारी या म्हणते."

तात्यांचा आवाज चढला. माझ्याकडे दूध घालायला आलेली माणसं कॅन जागेवर ठेवून रस्त्यावर आली. तात्या म्हणाले, "मग झाली परीक्षा. निकाल लागला. जूनला बस." अर्चनाचा चेहरा उतरला, ते मी रस्त्याच्या अलीकडून बघितलं. पण कडीवरचा हात हलला नाही. "बस येऊ द्या न्हायतर काय बी येऊ द्या. आज न्हाय म्हणजे न्हाय."

मी गुरुजींना केंद्रात आणून खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि तिला झापायला निघाले. मला तिचं वागणं आवडलं नव्हतं. तऱ्हेवाईक असावं, पण म्हाताऱ्या माणसाचा अपमान करू नये, हे माझं मत होतं. मागच्या दारानं गेले. त्या दारालाही फोन लागतो, पण त्या दिवशी मी केला नाही.

ओमकार ओसरीच्या पार टोकाला, फाटकातून दिसत नाही अशा कोपऱ्यात, भिंतीला कपाळ लावून उभा होता. दोन्ही हात कानांवर. तेच ते बोलत होता, "आज मंगळवार. गुरुजी न्हाय. आज गुरुजी न्हाय." ईश्वरी गुपचूप फाटकाकडची खिडकी लावत होती. अर्चना त्याच्याजवळ खाली बसली होती, हात न लावता. एकेक पत्ता बोटानं दाखवत सावकाश सांगत होती. "बघ, आता भाकरी. मग चित्र. मग बाबांचं हेल्मेट." मला बघितल्यावर ती उठली, डब्यातून माझा कॅन काढला आणि भाकरीच्या पुढच्या खिळ्याला अडकवला. "आणि ही बघ, कॅनवाली काकू. ती भाकरी खाऊन जाणार हाय."

मग मला म्हणाली, "पत्ता लावलाय. आता खाऊनच जायचं."

मी झापायला गेलेली बाई, मुकाट्यानं भाकरी खाल्ली. हळूहळू त्याचे हात कानांवरून खाली आले. माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "काकू, संपली. आता तुमी जा." सगळं बरोबर झालं होतं त्याच्या दृष्टीनं.

फाटकापाशी मी तिला विचारलं, "असा कधीपासनं हाय?"

"पहिल्यापासनं. पुढं काय हे कळलं की निवांत असतो. अचानक काय झालं की असं. शाळेत रोजच काहीतरी अचानक. बाई रजेवर गेल्या, तास बदलला, गॅदरिंग आलं. हा वरडायचा. मग त्याला वर्गाबाहेर बसवायचे. पोरं येडा म्हणायला लागली. नावानं हाका मारीनाशी झाली, येडाच म्हणायची."

"मग सांगायचं की लोकांना असं हाय म्हणून."

"तात्यांना सांगितलं. ते म्हणले, लाड हाईत. गावाला सांगितलं असतं तर तेच नाव हितं आलं असतं." ती फाटकाची कडी उगाच खालीवर करत होती. "त्याला एकट्याला काढलं असतं तर लोकांनी त्याच्याकडं बघितलं असतं. दोघांना काढलं. भिंतभर खिळे ठोकले. आता सगळी माझ्याकडं बघत्यात. येडी म्हणत्यात मला. म्हणू द्या, मला काय हुतंय? त्याला कुणी म्हणत न्हाय."

"आणि ईश्वरी?"

"तिला सगळं म्हाईत हाय. आठवीला शाळेत जाणार म्हणती. तिचं ती ठरवंल."

मी केंद्रात परत आले. गुरुजींचा चहा गार झाला होता. त्यांनी विचारलं, काय म्हणाली? मला त्यांना सगळं सांगता आलं असतं. म्हातारा माणूस, समजून घेतलं असतं. पण ते ज्याचं त्याचं. आणि तिथं कॅन घेऊन सात-आठ जण कान टवकारून उभे होते.

"गुरुवारी या," मी म्हटलं. "आज खिळा रिकामा न्हाय."

"तुमी पण?" गुरुजी म्हणाले.

"व्हय. मी पण. जेवण झाल्यावर या, त्याच्या आधी नको."

त्या दिवसापासून डोक्याजवळ फिरणारी बोटं माझ्याकडेही वळली. वळू देत. दूध मलाच घालायचं आहे त्यांना.

गुरुजी गुरुवारी आले, याचं मला आश्चर्य वाटलं. जेवण झाल्यावरच आले. ओमकार फाटकात उभा होता. त्यानं कडी काढली, गुरुजींचा हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं आणि त्यांचा पत्ता त्यांना दाखवला. खडू धरलेला हात गुरुजींनी निरखून बघितला, पत्ता उलटा करून मागची मामांची नावंही वाचली. मग त्यांनी गणित विचारलं, वाचायला लावलं, आणि ओमकारनं न विचारताच पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईट आहे हेही सांगून टाकलं. जाताना गुरुजी रस्त्यावर, माझ्या केंद्रासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं तात्यांना म्हणाले, "पोरांचं बरं चाललंय. तुमी तेवढं सांगून यायला-जायला शिका."

पिवळ्या बसचा विषय पुन्हा निघाला नाही. थोड्या दिवसांनी सकाळी ते केंद्रात आले. दूध घालून झालं तरी रेंगाळले.

"शोभा, उद्या दुपारचा मी इंदापूरला चाललोय. दिवस मावळायला यीन. तिकडं जरा सांग."

"तिकडं म्हंजे कुठं? घर तुमचं हाय."

"सांग की गं."

"तुमीच सांगा. मी काय पोस्टमन हाय?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा पत्ता होता. ओमकारनं काढलेला. वर पांढरी टोपी, खाली उघडं तोंड, मध्ये दुसरं काही नाही. तात्यांना त्यात आपण ओळखू येतो हे मान्य नाही. पण घरातून निघताना ते स्वतःच्या हातानं तो पत्ता लावतात आणि आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते बघतात.

त्याच दिवशी मी भिंत नीट, पहिल्या ओळीपासून बघितली. नवरा, तात्या, सासू, पोरं, गाय, मोटर, मी, गुरुजी. अर्चनाचा पत्ता कुठंच नव्हता.

"तू कुठंयस?" मी विचारलं.

"मी कशाला? मी कुठं जातीय? मी हितंच की." तिनं हे इतक्या सहज सांगितलं की बहुधा तिला तो प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

मला असल्या गोष्टीत वेळ घालवायला आवडत नाही. मी घरी येऊन पुतण्याच्या लग्नाची उरलेली पत्रिका कापली. चित्र मला येत नाही. कप काढला, तो हंड्यासारखा झाला. केंद्रात मशीनच्या वर, भावफलकाशेजारी एक खिळा ठोकला आणि तिला फोन केला. शनिवारी, संध्याकाळचं दूध उरकल्यावर, चहाला ये. एकटी. पोरांजवळ सासू आणि तात्या राहतील, मी त्यांना विचारलंय.

"थांबा काकू, खिळा बघून—"

"बघू नकोस. हा खिळा माझा हाय."

शनिवारी ती आली. ओमकारला आदल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे त्यानं फाटकातून हात हलवला आणि आत गेला. ती उपड्या कॅनवर बसली. दोन्ही हातांत कप धरून ती रस्त्याकडे बघत राहिली, तिच्या घराच्या उलट्या बाजूला.

उशिरा दूध घेऊन आलेले बापू तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ही हितं काय करती ह्या वक्ताला?"

"तिची येळ हाय," मी म्हटलं. "तुमची झाली. निघा."