समुद्राची ओटी

सिंगापूरच्या हॉटेलात, सहाव्या मजल्यावरच्या खोलीत, सकाळी सात वाजता सावळेराम पलंगावर बसून एका नारळाकडे बघत होता. नारळाला शेंडी होती, अंगावर हिरवा खण गुंडाळलेला होता आणि तो थेट पिंपरी पेंढारहून आलेला होता.

"आज सोडायचाच," इंद्रायणी म्हणाली. "उद्या सकाळी इमान हाय. मग आत्याबाईंना मी काय तोंड दाखवू?"

आत्याबाई म्हणजे सावळेरामची आई, ठमाबाई. निघायच्या आदल्या दिवशी तिने सुनेच्या हातात हा नारळ, खण, मूठभर तांदूळ आणि हळदीकुंकवाची पुडी ठेवली होती. "नदी वलांडली तरी आपण पाण्यात पैसा टाकतो. तुमी तर आख्खा समुद्र वलांडताय. त्याची वटी भरल्याबिगर माघारी यायचं नाय," असं तिने बजावलं होतं. ठमाबाईने बजावलेलं मोडायची पद्धत त्या घरात नव्हती.

हा प्रवास घडला तो बियाण्यांमुळे. सावळेरामचं पिंपरी पेंढारच्या स्टँडवर कृषी सेवा केंद्र होतं. २००३ साली त्याने टोमॅटोचं बी इतकं खपवलं, की कंपनीने त्याला जोडीने सिंगापूरची सहल बक्षीस दिली. असे बारा दुकानदार आणि बारा बायका, वर सुदर्शन नावाचा पुण्याचा गाइड. या सुदर्शनने विमानतळावर उतरल्या उतरल्याच सगळ्यांची हवा काढून घेतली होती. "इथे कागदाचा कपटा टाकला तरी दंड आहे. पाण्यात काही टाकाल तर पोलीस घेऊन जातील. मी सोडवायला येणार नाही."

त्या क्षणापासून सावळेरामला सिंगापूरचा प्रत्येक माणूस साध्या वेषातला पोलीस वाटत होता. तीन दिवस नारळ बॅगेतच राहिला. आजचा दिवस शेवटचा आणि मोकळा होता. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'किनाऱ्यावर फेरफटका, जोडप्यांसाठी खास.'

त्या पत्रिकेवर एक चित्रही होतं. गोरा नवरा आणि गोरी बायको पाण्याकाठी हातात हात घालून चाललेत. इंद्रायणीने ते चित्र विमानात बराच वेळ बघितलं होतं आणि हळूच विचारलंही होतं, "आपुन असं चालायचं का?"

"याड लागलंय का? लोक बघत्यात," सावळेराम म्हणाला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

खरं म्हणजे इंद्रायणीचं मागणं फार मोठं नव्हतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. ओतूरचा बाजार असो, जत्रा असो की सोयरिकीतलं लग्न, सावळेराम पुढे आणि इंद्रायणी दहा पावलं मागे. तो मागे वळून बघायचा तेही पिशवी तिच्याकडे आहे ना, याची खात्री करायला. नवऱ्याची पाठ तिला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची झाली होती. एकदा तरी त्याने शेजारून चालावं, एवढंच तिला वाटायचं. आणि हे बोलून दाखवलं की त्याचे डोळे मिटायचे.

नाश्त्याच्या वेळी इंद्रायणीने फळांच्या टोपलीतली तीन मोठी सफरचंदं पिशवीत टाकली. "फुकट हायेत," ती म्हणाली. बसमध्ये सावळेरामने डोक्यावर कानटोपी चढवली. सिंगापुरात घामाच्या धारा लागत असल्या तरी बसमधल्या एसीने त्याचे कान दुखायचे. खाली उतरल्यावर त्याने टोपी काढून तिच्याकडे दिली. तीही पिशवीत गेली.

नारळ मात्र टॉवेलात बांधून इंद्रायणीच्या पदराखाली होता.

"माझ्याकडं दे," सावळेराम म्हणाला.

"वटीचा नारळ बाईमाणसानंच धरायचा."

बोटीच्या धक्क्यावर सुदर्शनने पुरुषांना तिकिटांच्या रांगेत उभं केलं. बायका इकडे तिकडे पांगल्या. धक्क्याच्या कडेला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या आणि तिथे एक सावळी बाई लांब दांड्याच्या झाडूने झाडत होती. सावळेरामने रांगेतूनच इंद्रायणीला डोळ्याने खूण केली. ती पायऱ्यांकडे गेली. रांग पुढे सरकली, मध्ये एक खांब आला आणि पुढची दहा मिनिटं सावळेराम कुलदैवताचा धावा करत उभा राहिला.

इंद्रायणी आली ती पदराखालचं गाठोडं सावरतच.

"काय झालं?"

"तिथं माणसं व्हती की," ती म्हणाली. "आता दुसरी जागा बघाया पायजे."

बोटीतून फिरून झाल्यावर सुदर्शनने सगळ्यांना सहा वाजेपर्यंत मोकळं सोडलं. दहा जोडपी बाजाराकडे पळाली. निरगुडसरचे दुकानदार दादाभाऊ आणि त्यांची बायको मोहिनी मात्र किनाऱ्यावरच रेंगाळले, कारण मोहिनीच्या गळ्यात नवा कॅमेरा होता.

सावळेराम सवयीने दहा पावलं पुढे निघाला. मागून आवाज आला, "अहो, पदर सरकतोय. नारळ दिसंल."

तो थांबला.

"माझ्या डाव्या अंगाला या. आडोसा करा," इंद्रायणी म्हणाली.

सावळेराम डाव्या अंगाला आला. तरीही वाऱ्याने पदर उडत होता. मग त्याने नाइलाजाने तिचा दंड धरला. एकोणीस वर्षांत भर दिवसा, चार लोकांत, त्याने बायकोचा दंड धरायची ही पहिलीच वेळ. त्याचे कान तापले. एसी नसतानाही त्याला कानटोपीची आठवण झाली.

"लोक बघत्यात का?" त्याने समोर बघत विचारलं.

"कुणी नाय बघत."

हे पूर्ण खरं नव्हतं. मोहिनी बघत होती. "अहो, सावळेरामशेठला काय झालंय?" तिने दादाभाऊंना विचारलं. "चार दिवस बाईशी धड बोलला न्हाई हा माणूस. आज दंड धरून चाललाय!" दादाभाऊंनाही नवल वाटलं. हे दोघं नक्की कुठे चाललेत, हे बघायला ते मागोमाग निघाले. मोहिनीने एक फोटोही काढून ठेवला.

पाण्याकाठी बाग होती. झुडपाआड एक बाक बघून सावळेराम खूश झाला. पण आत गेल्यावर कळलं, की त्या बागेत जितकी झुडपं होती तितकीच जोडपी होती, आणि प्रत्येकाने आडोसा बघूनच जागा धरली होती. त्यातलं एक जोडपं या दोघांकडे बघून हसलं आणि सरकून त्यांना बाकावर जागा दिली.

"आता नुसतं बसून चालायचं नाय, संशय येईल," सावळेराम कुजबुजला. "ते बसलेत तसं बस."

"ते कसं बसलेत ते बघितलं का तुमी?"

सावळेरामने बघितलं आणि लगेच मान फिरवली. मग मधला मार्ग म्हणून त्याने तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात निळ्या गणवेशातला एक पहारेकरी रमतगमत आला आणि नेमका त्यांच्यासमोर थांबला. इंद्रायणीने गाठोडं पोटाशी धरलं. सावळेरामला घाम फुटला. त्याच्याकडे होतं नव्हतं तेवढं इंग्रजी त्याने एकदम काढलं. "वाइफ! माय वाइफ! ओन्ली वाइफ!"

पहारेकरी हसला. "हनिमून?"

"येस, येस! हनिमून!" सावळेराम घाईघाईने म्हणाला.

पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि निघून गेला. इंद्रायणी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसतीस काय? तुरुंगात गेलो असतो!"

"हनिमूनला कोण तुरुंगात टाकतंय," ती म्हणाली. मग दोघांनी तिथेच बसून एक आइस्क्रीम खाल्लं. दोन घेतली असती, पण हातातला हात सोडला तर गाठोडं दिसेल, अशी सावळेरामला भीती वाटत होती.

दुपार अशीच गेली. जागा बघायची म्हणून ते किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. एका ठिकाणी मासे धरणारे म्हातारे बसले होते. दुसऱ्या ठिकाणी शाळेची सहल होती. तिसरी जागा सावळेरामला पसंत पडली, तर इंद्रायणी म्हणाली, "इथलं पाणी गढूळ हाय." चौथीला म्हणाली, "ऊन लई लागतंय." चालता चालता बोलणं निघालं. सावळेरामने तिला समुद्राच्या पाण्यावर कोणतं पीक येईल ते सांगितलं. तिने त्याला, लग्नात त्याने घातलेले बूट भावाचे होते हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ते सांगितलं. एकोणीस वर्षं हे बोलायला सवडच झाली नव्हती.

एका पुलावर नवरानवरीचे फोटो चालले होते. तिथल्या फोटोवाल्याला साडीतली इंद्रायणी दिसली आणि त्याने या दोघांना ओढून मध्ये उभं केलं. खुणेने त्याने इंद्रायणीला दोन्ही हात वर करायला सांगितले. इंद्रायणीने भाबडेपणाने हात वर केले आणि पदराखालचं गाठोडं सुटलं. सावळेरामने प्रसंगावधान राखून बायकोला कडकडून मिठी मारली. गाठोडं दोघांच्या पोटांमध्ये अडकून राहिलं. पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ह्या माणसाला कुणी काय खायला घातलंय?" पुलाच्या टोकाला मोहिनी म्हणाली आणि तिने खटाखट तीन फोटो काढले. मग ती दादाभाऊंकडे वळून म्हणाली, "बघा, शिका जरा." दादाभाऊ त्यानंतर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

साडेपाच वाजले. एका बंद धक्क्यामागे अखेर सामसूम जागा सापडली. खाली दगडी पायऱ्या, पुढे पाणी, आसपास चिटपाखरू नाही.

"जा लवकर. मी पहारा देतो," सावळेराम तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मागे थोडी खुडबुड झाली. मग शांतता.

"झालं?"

"झालं."

"पाण्याचा आवाज नाय आला?"

"अलगद सोडला. वटी भरायची असती, धोंडा नाय टाकायचा," इंद्रायणी वर येत म्हणाली. पदराखाली आता काही नव्हतं. टॉवेल पिशवीत गेला होता.

सावळेरामने सुटकेचा मोठा श्वास सोडला. मग तो बसकडे निघाला तो दहा पावलं पुढेच. इंद्रायणीने त्याच्या पाठीकडे बघितलं.

बसमध्ये एसी सुरू झाला आणि त्याने कानावर हात ठेवला. "माझी टोपी?"

इंद्रायणीने पिशवीतून टोपी काढून दिली. टोपी घडी न घालता कुणीतरी आतून फुगवल्यासारखी ताणली गेली होती आणि तिला सफरचंदांचा वास येत होता. सावळेरामला त्याचं काही वाटलं नाही. रात्री विमानाची बॅग भरताना दोघांनी ती तीन सफरचंदं दीड-दीड वाटून खाल्ली.

दोन महिन्यांनी दादाभाऊ आणि मोहिनी पिंपरी पेंढारला आले. सोबत फोटोंचा जाडजूड अल्बम होता. ठमाबाई ओसरीवर चष्मा लावून बसली. सावळेराम तिच्या मागे उभा राहिला. इंद्रायणी आत चहा करत होती.

"आजी, दिवसभर आमचं एकच काम," मोहिनी म्हणाली. "ही दोघं कुठं चाललीत ते बघायचं!"

बाकावरचा हातात हात, एकच आइस्क्रीम, पुलावरची मिठी. ठमाबाईने पान उलटता उलटता पोराकडे वळून बघितलं. "हा आपलाच सावळ्या का? माझ्या पोराला बायकुच्या शेजारनं चालता येतं, हे कळाया सिंगापूर गाठावं लागलं व्हय?"

"आई, ते वटीसाठी व्हतं सगळं," सावळेराम पुटपुटला. "जागाच मिळंना. पार दिवस मावळायला आला तवा सोडला नारळ."

"दिवस मावळायला?" ठमाबाईने अल्बम उलटा चाळत पहिल्या पानावर नेला. "मग ह्ये काय?"

पहिल्या पानावर बोटीचा धक्का होता. स्वच्छ सकाळचं ऊन. पायऱ्यांवर वाकलेली इंद्रायणी, पाण्यावर कुंकू लावलेला नारळ आणि तरंगता हिरवा खण. शेजारी ती झाडणारी सावळी बाई झाडू बाजूला ठेवून हात जोडून उभी.

"हा माझा त्या दिवशीचा पैलाच फोटो," मोहिनी म्हणाली. "ती झाडणारी बाई तामीळ असंल. तिनंच वहिनींना पायऱ्या दावल्या, वर पहारा दिला. तुमी तवा रांगेत व्हता की!"

"सकाळच्या पारी उरकलं, चांगलं केलं पोरीनं," ठमाबाई समाधानाने म्हणाली. "समुद्राला ताटकळत ठिवू नये."

सावळेराम फोटोकडे बघत राहिला. मग दिवसभर पदराखाली काय होतं? त्याला ताणलेली टोपी आठवली, सफरचंदांचा वास आठवला, गढूळ पाणी आणि लागणारं ऊन आठवलं. तेवढ्यात इंद्रायणी चहा घेऊन बाहेर आली. तिने उघड्या पानाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि कपबश्यांचा आवाज जरा वाढला. सावळेरामने चहा घेतला आणि पाव्हण्यांशी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत बसला.

पाव्हणे गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. इंद्रायणी मान खाली घालून भाजी निवडत होती. आता काय ऐकावं लागतंय, याची वाट बघत ती पुन्हा पुन्हा तीच काडी खुडत होती.

"उद्या दुपारी दुकान बंद ठिवतो," सावळेराम म्हणाला.

"का वं?"

"पिंपळगाव जोग्याच्या धरणाकडं जाऊन येऊ. काठानं चांगला रस्ता हाय म्हणत्यात."

इंद्रायणीने हळूच मान वर केली. "नारळ घेऊ?"

"नारळ ऱ्हाऊ दे," सावळेराम म्हणाला. "कानटोपी तेवढी घे."