घाटोळे काकांचा आकडा

घाटोळे काका कुणाकडे गेले की पायातली चप्पल काढायच्या आधी खिशातलं यंत्र काढतात. पानाच्या डब्याएवढं ते यंत्र हवेतली बारीक धूळ मोजतं. उंबऱ्यात उभं राहून आकडा बघणार, मान हलवणार, मग पोहे खायला बसणार. आकडा फारच वाईट निघाला तर बशी उचलून गॅलरीत जाणार. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी यंत्र थेट धुपापाशी नेऊन धरलं. गुरुजी मंत्रच विसरले.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही खालच्या क्वार्टरमध्ये राहतो, ते वरच्या. मूळचे नागपूरकडचे, जन्मभर कारखान्यातले मीटर दुरुस्त केले. काकू गेल्या आणि बंगलोरच्या मुलानं, मंदारनं, हे यंत्र पाठवलं. झालं! रविवारी स्कूटरवरून यंत्राला मोठ्या तलावाकडे फिरायलासुद्धा नेतात. "दिसतो तो धूर काही नाही हो सूनबाई," ते मला सांगतात, "न दिसणारी धूळ खरी बदमाश."

नुसतं मोजून गप्प बसतील तर ते काका कसले. थंडीत फाटकावरचा चौकीदार पाचोळा आणि टायरचे तुकडे जाळून शेकायचा. काकांनी त्याच्याशी भांडण केलं नाही. स्वतःचा हीटर चौकीत नेऊन दिला आणि आपण घरात दोन स्वेटर घालून वावरू लागले. पाचोळ्यासाठी मैदानामागे खड्डा खणवून घेतला. माझ्यावर मात्र काडीची दया नाही. भरताची वांगी मी अंगणात कोळशाच्या शेगडीवर भाजायची, सासूबाईंपासूनची रीत. धूर निघाला की काका यंत्र घेऊन जिन्यात हजर. आकडा कसा चढतोय ते वाचूनच दाखवायचे. रोज कोण डोकं पिकवून घेणार? मी गॅसवर भाजायला लागले. भरताची चव गेली ती गेलीच.

रोज संध्याकाळी सातला मंदारचा फोन येतो. काकांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावतात, म्हणजे आम्हालाही सगळं ऐकू येतं. पहिला प्रश्न आकड्याचाच. आकडा वाईट असला की मंदार तापायचा. खिडक्या लावा, मास्क घाला, खोकला आहे का, रात्री काय जेवणार? अर्धा अर्धा तास चालायचं.

चौकीतला जाळ आणि माझी शेगडी दोन्ही बंद झाल्यावर जानेवारीत आकडा एकदम उतरला. थेट तलावाच्या काठावर असतो तसा. मला वाटलं, काका आता पेढे वाटतात. पण माणूस सुकत चालला. सातला वरून मंदारचं एवढंच ऐकू यायचं, "छान, बाबा. ठेवतो मग." दोन मिनिटांत फोन बंद.

एका संध्याकाळी ते गॅसवरचं बेचव भरीत त्यांना मुद्दाम चाखवायला मी वर गेले. दार उघडंच होतं. काका टीपॉयपाशी बसले होते आणि यंत्राखाली उदबत्त्या जळत होत्या. एकदोन नाही, अख्खी जुडी! चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आकडा?"

काकांनी यंत्र जवळ घेतलं आणि नीट वाचून सांगितला.

"एवढा? अहो बाबा, खिडक्या लावल्यात ना?"

"लावल्या रे." खिडकी सताड उघडी होती. "अजून काय करू? सांग ना, मला वेळ आहे."

मंदार सांगत राहिला. काकांनी मला पाहिलं, लाजले आणि हातानंच बसायची खूण केली. पण मला बसवेना. भरताचा डबा टीपॉयवर ठेवला आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या आधी मी अंगणात शेगडी पेटवली आणि अगदी त्यांच्या खिडकीखाली दोन वांगी भाजायला ठेवली. जिन्यात कुणी आलं नाही. थोड्या वेळानं वर फोन वाजला आणि मंदार बापाला बराच वेळ रागावत होता.