सावध समिती आणि वाऱ्याचं चाक

एका जंगलात एक खरेदी समिती राहत होती. हसू नका. जंगलात वाघही होता, पण तो जेवून झोपलेला असे, म्हणून कारभार समितीच पाहायची. समितीचे सचिव होते उदमांजर दाजीसाहेब.

त्याच जंगलात वर पठारावर मालन नावाची ससीण राहायची. पदरात पाच पिल्लं. पाणी मात्र खाली दरीतल्या कुंडात. ते वर आणायला एक रहाट होता, आणि तो ओढायचे आबाजी गवा. एक मडकं पाणी वर आलं की आबाजींना एक पेंढी गवत द्यायचं. यात काही वाईट नव्हतं. पण आबाजींची भूक वर्षागणिक वाढत गेली, आणि होळीनंतर भाव दीड पेंढीवर गेला. मालन दिवसभर राबून कापायची दोन पेंढ्या. दीड आबाजींना, अर्धी सहा पोटांना. पिल्लांच्या बरगड्या आता दुरूनही दिसायला लागल्या होत्या.

अशात गोदाक्काने एक गंमत केली. गोदाक्का म्हणजे शिंपी पक्षीण. पानं शिवून घरटं करणारी, एवढीशी. तिने सागाची पानं शिवून वाऱ्याचं चाक केलं. वारा आला की चाक फिरे. दोरीला बांधलेल्या करवंट्या खाली कुंडात जात आणि भरून वर येत. वाऱ्याला गवत लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. समितीला पटायला सहा बैठका लागल्या.

"केवढ्याला?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"शंभर पेंढ्या. महिना गेला हो शिवायला," गोदाक्का म्हणाली.

"अबब! थांबू या."

ते पहिलं चाक पलीकडच्या जंगलाने घेतलं. दुसरं गोदाक्काने वीस दिवसांत शिवलं. हात बसला ना! भाव झाला सत्तर. मालन धावत समितीकडे गेली.

"साहेब, आता तरी घ्या. पिल्लं उपाशी आहेत हो माझी."

"मालनबाई, शंभराचे सत्तर झाले. आपण थांबलो म्हणून तीस पेंढ्या वाचल्या. अजून थांबू, अजून वाचतील."

"पण वाचलेल्या पेंढ्या आहेत कुठे?"

"टिपणात."

पलीकडच्या जंगलाने आणखी चाकं घेतली. गोदाक्काचा हात आणखी बसला. भाव चाळीस. मग पंधरा. मग पाच. दर वेळी समितीने बचतीबद्दल स्वतःचा सत्कार केला. नारळ, शाल, सगळं. शाल कुणाची होती ते विचारू नका, मेंढी अजून शोधते आहे.

"आज पाचला घेतलं," दाजीसाहेब मालनला समजावत, "आणि उद्या चारला मिळालं, तर चौकशी कुणाची लागेल? वाऱ्याची? माझी! मला दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय, बाई."

इकडे आबाजींचा भाव दर अमावास्येला चढत होता. तो पावणेदोन पेंढ्यांवर गेला तेव्हा समितीची धावपळ उडाली. "चढता भाव आहे, आजच बांधून घ्या!" म्हणून एका दुपारी आबाजींशी पंचवीस वर्षांचा करार झाला. पाणी ओढोत न ओढोत, पेंढ्या चालू.

मालनच्या अंगाचा तिळपापड झाला. "चढतं ते लगेच घ्यायचं, आणि उतरतं ते घ्यायचंच नाही? डोकं ठिकाणावर आहे का यांचं?"

"अगं, ओरडून काय होणार," गोदाक्का म्हणाली. "तूच घे एक. आता एका पेंढीला देते. सकाळी बसले की दुपारपर्यंत शिवून होतं."

एक पेंढी! एका मडक्याहून स्वस्त! मालनने त्या दिवशी आबाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. चाक घेतलं आणि कड्यावर लावलं. वारा आला. करवंट्या खाली गेल्या, भरून वर आल्या. पिल्लं पाणी प्यायली, एकमेकांच्या अंगावर उडवत बसली, आणि उरलेली अख्खी पेंढी सगळ्यांनी मिळून फस्त केली. मालनला रडूच फुटलं. किती दिवसांनी पोरं खेळत होती!

दुसऱ्या दिवशी दाजीसाहेब पंचनाम्याला हजर.

"केवढ्याला घेतलंत?"

"एका पेंढीला."

"आजचा भाव अर्धी पेंढी आहे. म्हणजे तुम्ही जंगलाचं अर्ध्या पेंढीचं नुकसान केलंत!"

"अहो, पण पेंढी माझी होती!"

"तेच तर! समितीची असती तर वाचली नसती का?"

चाक जप्त झालं आणि समितीच्या कचेरीत टांगलं गेलं. कचेरी वडाच्या ढोलीत. वैशाखाचा उकाडा. आत वारा येणार कुठून? चाक आपलं लोंबकळत राहिलं. मग कुणाला तरी सुचलं, आबाजींना बोलवा! आबाजी येऊन चाक फिरवायला लागले, आणि समितीला झकास वारा लागला. या जादा कामाचा चारा पाण्याच्या भावात मिळवण्यात आला. एक मडकं आता तीन पेंढ्यांना.

मालन कापायची दोन.

ती भांडली नाही. चार पिल्लं पुढे घातली, धाकटं तोंडात धरलं, आणि पलीकडच्या जंगलात निघून गेली. तिथे कड्याकड्यावर चाकं फिरत होती. मागोमाग गोदाक्काही सुईदोरा घेऊन उडाली.

समितीने टिपणात लिहिलं, "पठारावरची पाण्याची मागणी सहा तोंडांनी घटली." पुन्हा सत्कार झाला. गोदाक्का गेल्यापासून चाकाचा भावही उतरायचा थांबला. तेव्हा कुठे समितीने चाकं घ्यायचं एकमताने ठरवलं. आता फक्त विकणारं कुणी नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, महाग होत जाणारी वस्तू आजच घ्यावी, कारण उद्या ती आणखी महाग होईल. स्वस्त होत जाणारी वस्तू कधीच घेऊ नये, कारण उद्या ती आणखी स्वस्त होईल. आणि मध्येच अगदी घशाला कोरड पडली, तर टिपण वाचावं.