गिझरला कान लावणारे भरमाण्णा

कुणाच्याही घरी गेलं की माणूस चप्पल काढतो, बसतो, चहाला नको नको म्हणतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे भरमाण्णा चप्पल काढतात आणि थेट न्हाणीघरात जाऊन गिझरला कान लावतात. माझ्या भाचीला बघायला निपाणीचे पाहुणे आले होते, तेव्हासुद्धा! पाहुण्यांच्या हातात पोहे, आणि आतून आवाज, "लई खडखडालंय रं ह्ये! क्षार धरलाय!" पाहुण्यांना वाटलं, घरात कुणीतरी आजारी आहे.

टिळकवाडीत आमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी. बादल्या पांढऱ्या, नळ पांढरे. भरमाण्णा मूळचे खानापूरकडचे, कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेले. पण पिशवीत कायम पाना आणि लिंबूसताची पुडी. लोकांचे गिझर उघडायचे, कॉईल लिंबूसताच्या पाण्यात भिजत घालायची आणि निघालेले खडे घरमालकाच्या तळहातावर प्रसादासारखे ठेवायचे. "वरनं चकचक, आत क्षार!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गिझरला तेच, पुढाऱ्यांना तेच आणि स्वतःच्या व्याह्यांनाही तेच.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी बंब घासायचा, त्याला कडू कारिटाची वेल बांधायची आणि पाणी भरायचं, ही आमच्याकडची रीत. बंब कधीच मोडीत गेला, पण आई ऐकते होय? ती गिझरलाच हळदकुंकू लावून वेल बांधते.

यंदा नेमका त्याच दिवशी गिझर बंद पडला. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. दवाखान्यात नुसतं अंग पुसून दिवस काढलेले, त्यामुळे दिवाळीच्या आंघोळीवर तिचा सगळा जीव. गॅसवर पाणी तापवतो म्हटलं, तर म्हणाली, "आणि वेल काय पातेल्याला बांधू?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

भरमाण्णांनी गिझर उघडला. कॉईलवर क्षाराचं जाड कवच, आणि आत कॉईल तडकलेली. अपार्टमेंटमधले सगळे गिझर बिल्डरनं बसवलेले, एकाच जुन्या मापाचे. दुकानदार म्हणाला, त्या मापाची मागवावी लागेल. "बघतो कुठं गावतीय काय," म्हणत भरमाण्णा गेले आणि थोड्या वेळानं कॉईल घेऊन आले. "गावली एक." बसवली आणि चहा न घेताच गेले. पहाटे आईनं गरम पाणी अंगावर घेतलं आणि आतून म्हणाली, "देव भलं करो त्या माणसाचं!" मलाही अगदी तसंच वाटलं.

उजाडल्यावर फराळाचं ताट घेऊन वर गेलो. भरमाण्णांनी दार उघडलं. केस ओले, दात कडकड वाजताहेत. मागे न्हाणीघरात त्यांचा गिझर उघडा, आत कॉईल नाही.

"अहो, हे काय केलंत?"

"आमच्यात हाय कोण? एकट्या माणसाला गरम काय नि थंड काय."

खाली येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "थंड पाण्याची आंघोळ दिवाळीत धरत नाहीत. घेऊन ये त्याला."

भरमाण्णा आढेवेढे घेत आले. आईला वाकता येत नाही. ती खुर्चीवर बसली आणि त्यांना पुढ्यात पाटावर बसवलं. कोमट तेलाची वाटी घेऊन ती त्यांच्या डोक्यावर तेल चोळू लागली. भरमाण्णा म्हणाले, "आक्का, कारभारीण गेल्यापास्नं डोस्क्याला कुणाचा हात लागला न्हवता बघा."

वाटीतलं तेल संपलं तरी आईचा हात थांबला नाही.