परबकाकांचा जावई

परबकाकांनी आपल्या उजव्या गुडघ्याला जावई करून टाकलं होतं. "आज जावय रुसलो हा," असं ते जिन्यात थांबून सांगायचे. थंडी पडली की जावयाला लोकरी पट्टा, अमावस्येला गरम विटेचा शेक. कोणी नुसतं "गुडघा कसा आहे?" विचारलं की म्हणायचे, "मानान बोल! घरचो माणूस तो."

नाहूरला आमच्या वरच्या मजल्यावर काका आणि काकू दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. गिरणीची नोकरी सुटल्यावर काका साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि दिवसभर मशीनपुढे उभं राहून गुडघ्याची पार वाट लागली. मग ऑपरेशन झालं. तरी दुखायचंच, म्हणून गुडघ्यात इंजेक्शनं झाली. प्रत्येक सुईनंतर थोडे दिवस काका झकास चालायचे, की पुन्हा जिन्याच्या कठड्याला मिठी.

डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणायचे, "सगळं ठीक आहे. आता दुखायला नको."

"फोटो बरो इलो म्हणता," काका मला सांगायचे. "मगे काय फोटो लावन चलू?"

हळूहळू इमारतीतही कुजबुज सुरू झाली. म्हातारा नाटकं करतो. काकांच्या कानावर ते गेलंच. मग ते जिन्यात थांबेनासे झाले. वरून ऐकू यायचा तो फक्त पट्टा सोडताना दाबलेला "आई गे!"

शेवटी मीच त्यांना घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या व्यायामाने दुखणी बरी करतात, असं माझ्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं होतं. बाईंनी एक्स-रेचं पाकीट उघडलंच नाही. काकांना झोपवून त्यांनी मांडी चाचपली, गुडघ्याच्या बाजूला अंगठा दाबला.

"इथं?"

काकांनी ओठ आवळून मान हलवली.

"दुखत असणारच. ऑपरेशनमध्ये चूक नाही, पण मांडी अगदी सुकून गेलीय. सगळा भार सांध्यावर पडतो. कितीतरी जणांचं असं दुखत राहतं."

काका उठून बसले. "परत सांगा."

"काय?"

"दुखता म्हणून. हिका ऐकाक येव दे. ही माझी साक्षीदार."

बाई हसल्या आणि पुन्हा मोठ्याने म्हणाल्या. पूर्ण जाणार नाही कदाचित, पण पुष्कळ कमी होईल, असंही सांगितलं. दवाखान्याबाहेर येऊन काकांनी डोळे पुसले. "खोटा नव्हता गो माझा दुखणा," एवढंच म्हणाले आणि मला बळेबळे उसाचा रस पाजला.

मग काकांनी व्यायामाचा सपाटाच लावला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि पाय ताठ करून ती दाबायची. दर दाबाला ते एकेका जुन्या डॉक्टरचा उद्धार करीत. सुरुवात सुई मारणाऱ्यापासून. पावसाळा सरेपर्यंत पट्टा सुटला, कठडाही सुटला.

एका रविवारी सकाळी सगळी इमारत टीव्हीपुढे बसलेली असताना जिन्यात बोलणं ऐकू आलं म्हणून मी दार उघडलं. काका एकेक पायरी उतरत होते, आणि मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काकू. साखरेच्या दुखण्यानं काकूंची नजर जवळजवळ गेली होती. त्या खाली येत नाहीत ते आवड नाही म्हणून, असं मी समजत होते.

"दुसऱ्याक धरून जिनो उतरूक भियाता ती," काका म्हणाले. "माझ्या ऑपरेशनापासून घरातच होती. ये, बाजारात जातव."

मीही चपला घातल्या. मासळीबाजारात काकूंनी बांगडा हातात घेऊन बोटांनी दाबला, नाकाशी नेला आणि टोपलीत आपटला. "शिळो!"

"डोलं नाय तरी शिला दिसतं व्हय तुला?" कोळीण कडाडली.

"नाक आसा माका!" काकू पदर खोचून पुढे सरसावल्या.

काका मागे उभे होते. एक पाय उचलून, दुसऱ्यावर भार देऊन.

"काका, दुखत असेल. त्या फळीवर बसा ना जरा."

"दुखता गो थोडा," ते हळूच म्हणाले. "पन तिका सांगू नको. कितक्या दिवसांनी भांडता हा ती."